नांदेडहून नाकासमोर उत्तरेला

भारताचा नकाशा समोर घ्या, नांदेडवर बोट ठेवा आणि ते नाकासमोर वर सरकवत न्या. हिंगोली लागेल, वाशीम, अकोला, मेळघाटचे जंगल, मग नर्मदा, भोपाळ, गुना, चंबळ, दिल्ली, पानिपत, कर्नाल, अंबाला. बोट थोडे डावी-उजवीकडे होईल, पण फार नाही. शिवालिकच्या टेकड्या सुरू होण्याच्या जरा अलीकडे ते चंदीगडवर येऊन थांबेल. नांदेडचा विमानतळ ७७ अंश १९ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे आणि चंदीगडचा ७६ अंश ४७ मिनिटांवर. फरक अवघा अर्ध्या अंशाचा. महाराष्ट्र आणि पंजाब यांचे नाते सांगताना आपण संत नामदेवांचे नाव घेतो, गुरू गोविंदसिंगांचे घेतो. भूगोलानेही ही दोन शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर बसवली आहेत, याची आठवण मात्र सहसा कुणी काढत नाही. हा योग आपल्या फार कामाचा आहे. त्यामुळे या दोन विमानतळांमधले हवाई अंतर कागद-पेन्सिल घेऊन घरबसल्या काढता येते.

रीत सोपी आहे. विमानाचे आणि जहाजाचे अंतर सागरी मैलात मोजतात आणि सागरी मैल म्हणजे अक्षांशाचा एक मिनिट, १.८५२ किलोमीटर. एका अंशात साठ मिनिटे. नांदेडचा अक्षांश १९ अंश ११ मिनिटे उत्तर, चंदीगडचा ३० अंश ४० मिनिटे. वजाबाकी केली की उरतात ११ अंश २९ मिनिटे, म्हणजे ६८९ मिनिटे, म्हणजेच ६८९ सागरी मैल. त्याला १.८५२ ने गुणा. १,२७६ किलोमीटर येतात. रेखांशातल्या अर्ध्या अंशाच्या फरकाने विमानाला सुमारे ५४ किलोमीटर पश्चिमेला सरकावे लागते, पण एवढ्या लांब प्रवासात ते तिरके सरकणे जेमतेम एका किलोमीटरची भर घालते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे आपल्या अक्षांशांतला अंश थोडा आखूड पडतो आणि चारेक किलोमीटर कमी होतात. म्हणून म्हणू या, सुमारे १,२७५ किलोमीटर.

पुण्याचे गणित एक पायरी वाढवून सुटते. लोहगावचा विमानतळ १८ अंश ३५ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५५ मिनिटे पूर्वेला आहे. चंदीगडपर्यंत उत्तरेकडे ७२५ सागरी मैल, आणि शिवाय पूर्वेकडे १७२ मिनिटांचा रेखांश. पण विषुववृत्तापासून वर सरकावे तशी रेखावृत्ते एकमेकांजवळ येतात. पुणे आणि चंदीगड यांच्या मधल्या अक्षांशावर रेखांशाचा मिनिट सागरी मैलाच्या ०.९१ पटच भरतो, म्हणून १७२ चे १५६ होतात. आता शाळेतला पायथागोरस: ७२५ चा वर्ग अधिक १५६ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ. उत्तर ७४१ सागरी मैलांच्या पुढेमागे, म्हणजे सुमारे १,३७० किलोमीटर. याच रीतीने मुंबई ते चंदीगड १,३४५ च्या आसपास निघते आणि दिल्ली ते चंदीगड २३५. फार लांबच्या प्रवासाला पायथागोरस पुरत नाही, तिथे गोलाची त्रिकोणमिती लागते. देशातल्या देशात मात्र ही रीत फारशी चुकत नाही.

हे अंतर कुणाच्या हातात नाही. ते पृथ्वीने ठरवून दिले आहे. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, कारण वेळ मात्र पृथ्वी ठरवत नाही.

वेळ कशी बदलत गेली हे पाहायला याच रेषेवरचा इतिहास हाताशी आहे. उदगीरची लढाई जिंकून सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये जालन्याकडच्या परतूरहून उत्तरेला निघाले. बुऱ्हाणपूर, सिरोंज, ग्वाल्हेर असे मुक्काम करत, फुगलेल्या नद्यांपाशी खोळंबत फौज ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत शिरली. साडेचार महिने. दिल्लीपुढची वाट पानिपताची होती. आज नांदेडहून सकाळी सुटणारी सचखंड एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोचते. ती नाकासमोर जात नाही. आधी परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते, मग भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी, दिल्ली, अंबाला असा मोठा वळसा घेते. अमृतसरपर्यंतचा तिचा मार्ग सुमारे दोन हजार किलोमीटरचा आहे. चंदीगडला जाणारा प्रवासी अंबाल्याला उतरतो, तोवर दुसऱ्या दिवसाची दुपार कलत आलेली असते. रूळ जिथे टाकले गेले तिथूनच गाडी जाणार, त्याला इलाज नाही.

विमान सरळ जाऊ शकते. मग १,२७५ किलोमीटरला किती वेळ लागावा? ए-३२० किंवा बोईंग ७३७ जातीचे जेट विमान साडेदहा-अकरा किलोमीटर उंचीवर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. नुसता भागाकार केला तर नांदेड ते चंदीगड ९२ मिनिटे, पुणे ते चंदीगड ९९ मिनिटे. पण पुणे–चंदीगडच्या तिकिटावर साधारण अडीच तास छापलेले असतात. मधली पन्नास मिनिटे कुठे गेली, हा प्रश्न खिडकीशी बसलेल्या कुठल्याही माणसाला पडावा असा आहे आणि त्याचे उत्तर नीट सांगितले जात नाही.

तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. विमानाच्या चाकांपुढचे अडसर काढून ते जागचे हलते तिथपासून दुसऱ्या विमानतळावर चाकांना पुन्हा अडसर लागेपर्यंतची ती वेळ असते. वैमानिक आणि विमान कंपन्या तिला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान मागे ढकलायचे, इंजिने सुरू करायची, धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि आपला क्रम येईपर्यंत थांबायचे, या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. उतरल्यावर पुन्हा पाच-दहा. हवेत गेल्यावरही विमान लगेच ८३० चा वेग धरत नाही. दहा हजार फुटांखाली २५० नॉट म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर ही मर्यादा असते. पूर्ण उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. शिवाय लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि जायचे आहे उत्तरेला. वाऱ्याकडे तोंड करून उडायचे असल्यामुळे विमान आधी पश्चिमेला किंवा पूर्वेला सुटते आणि मग वळण घेते. खाली उतरणे तर त्याहून सावकाश चालते. अकरा किलोमीटर उंचीवरून सुरक्षित उताराने येण्यासाठी सुमारे २०० किलोमीटर आधीच इंजिनाचा जोर कमी करावा लागतो. म्हणजे दिल्ली मागे पडते न पडते तोच चंदीगडसाठी उतरायला सुरुवात होते. वरच्या थरातला पूर्ण वेगाचा प्रवास असा दोन्ही टोकांकडून खाल्ला जातो.

प्रवास जितका छोटा तितके हे खाणे जास्त जाणवते. दिल्ली ते चंदीगड २३५ किलोमीटर. विमान धड वर चढलेले नसते तोवर उतरू लागते. हवेत ते पस्तीस-चाळीस मिनिटे असते आणि तिकीट तासाभराहून थोडे अधिक सांगते. या तासाभरात विमानाचा सरासरी वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आत येतो. त्यात विमानतळावर आधी पोचण्याचे दीड-दोन तास मिळवा. शताब्दी याच अंतराला साडेतीन तासांच्या आत पोचवते आणि स्टेशन शहराला जवळ पडते. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवी दिल्लीहून चंदीगडमार्गे अंब अंदौऱ्याला वंदे भारत सुरू झाली, तेव्हापासून तर हा सामना रेल्वेने जिंकलेलाच आहे, असे माझे मत आहे. दिल्लीला दुसरे विमान पकडायचे असेल तेव्हाच ही छोटी उडी कामाची.

छापील वेळेत आणखी एक घटक असतो: राखून ठेवलेली मिनिटे. विमान ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत आले-गेले तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ते वेळेवर धरते आणि कंपन्यांचे वेळ पाळण्याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. म्हणून वेळापत्रक आखताना धावपट्टीवरची रांग, आकाशातली गर्दी आणि हिवाळ्यातले धुके गृहीत धरून थोडा ऐवज वेळेत घातला जातो. कधीकधी विमान वीस मिनिटे आधी पोचले म्हणून टाळ्या पडतात, त्यामागे हा ऐवज असतो. मला यात लबाडी दिसत नाही. पुढच्या फेरीचे प्रवासी त्याच विमानाची वाट पाहत असतात आणि एका फेरीचा उशीर दिवसभर पुढे सरकत जातो. पण दोन कंपन्यांच्या तिकिटांवर दहा मिनिटांचा फरक दिसला म्हणून एकीचे विमान जलद आहे असे समजू नये, एवढे खरे.

आता वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रचंड वायुप्रवाह वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग आहे आणि कधी तो त्याहूनही वाढतो. मुंबईहून कोलकात्याला जाणाऱ्या विमानाला तो पाठीवर मिळतो आणि परत येताना छातीवर, म्हणून जाण्यायेण्याच्या वेळांत हिवाळ्यात चांगला फरक पडतो. नांदेड–चंदीगड मार्गावर तो पूर्ण आडवा येतो. अशा वेळी वैमानिक काय करतो? वेगवान नदी ओलांडणारा नावाडी जसा नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवून वल्हवतो, तसे तो विमानाचे नाक पश्चिमेकडे वळवून उत्तरेला जातो. वारा दोनशेचा आणि विमान ८३० चे असेल तर नाक सुमारे १४ अंश वळवावे लागते. आत बसलेल्याला काही कळत नाही. पण विमानाच्या ताकदीचा एक भाग वाऱ्याशी झगडण्यात खर्च होतो आणि जमिनीवरून मोजलेला वेग ८३० वरून ८०५ वर येतो. यातली गंमत अशी की आडवा वारा जातानाही वेळ घेतो आणि येतानाही. मागचा वारा निदान एका फेरीला देतो, हा दोन्ही फेऱ्यांना थोडेथोडे कापतो. सुदैवाने हा तोटा एक-दोन मिनिटांचाच असतो, कारण जेट प्रवाहाचा जोर प्रवासाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागातच मिळतो.

पुणे–चंदीगड मार्ग मात्र उत्तरेपासून सुमारे १२ अंश पूर्वेकडे झुकलेला आहे. तेवढ्या कलण्यामुळे हिवाळ्यात जाताना वाऱ्याचा थोडा हिस्सा पाठीशी येतो आणि परतताना समोर. चार-पाच मिनिटांचा फरक. नकाशावरचा एवढासा तिरकेपणा घड्याळात दिसतो, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

आकाशातही रस्ते असतात आणि काही ठिकाणी कुंपणेही. भारतात हवाई दलाच्या सरावासाठी आणि संरक्षणासाठी राखलेले मोठे पट्टे आहेत. नागरी विमानांना देशाच्या आकाशापैकी फक्त ६० टक्केच मोकळेपणाने वापरता येते, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मे २०२० मध्ये सांगितले होते. निर्बंध सैल केले तर विमान वाहतुकीचा वर्षाला हजार कोटी रुपयांचा खर्च वाचेल, असा अंदाजही त्यांनी त्याच वेळी दिला होता. अलीकडे काही मार्ग सराव नसेल तेव्हा नागरी विमानांना खुले करतात. तरी पुणे किंवा नांदेडहून निघालेले विमान आपण पट्टीने ओढलेल्या रेषेवरून जात नाही. ते ठरलेल्या बिंदूंवरून वळत-वळत जाते. दिल्लीजवळ आल्यावर तर तिथे उतरणाऱ्या आणि तिथून सुटणाऱ्या विमानांच्या गर्दीपासून नियंत्रकांना त्याला दूर ठेवावे लागते. हवेत प्रत्यक्ष कापलेले अंतर म्हणून सरळ अंतरापेक्षा नेहमी काहीसे जास्तच भरते.

चंदीगडच्या बाबतीत तर आकाशाचा पश्चिमेचा दरवाजाच पुष्कळदा बंद असतो. अटारीची सीमा इथून सरळ रेषेत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर. चंदीगडहून दुबईला जाणारी सरळ रेषा पाकिस्तानवरून जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. अशा वेळी विमानाला आधी दक्षिणेला उतरून, मग अरबी समुद्रावरून पश्चिमेला जावे लागते. दोन शहरे जागच्या जागी असतात, त्यांच्यातला प्रवास मात्र एका रात्रीत लांबतो. मे २०२५ मध्ये तर उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीला बंद होते आणि त्यांत चंदीगड होते. १२ मे रोजी ते पुन्हा खुले झाले.

हे घडते त्याचे कारण चंदीगडची धावपट्टी हवाई दलाच्या तळाची आहे. पुण्याचीही तशीच: १९३९ मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी लोहगावला तळ झाला, आणि आजही सुखोई लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने तीच धावपट्टी वापरतात. दोन्ही टोकांना नागरी विमान पाहुणे आहे, घर दुसऱ्याचे आहे. त्यामुळे कुठल्या वेळी उतरायचे, कितीदा उतरायचे, दुरुस्तीसाठी धावपट्टी कधी बंद राहणार, हे सगळे दलाच्या सोयीशी जुळवून घ्यावे लागते. मे २०१८ मध्ये चंदीगडचा विमानतळ धावपट्टीच्या कामासाठी वीस दिवस बंद होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये पुण्याचा १६ ते २९ तारखेपर्यंत. यात तक्रारीला जागा नाही. या धावपट्ट्या मुळात ज्या कामासाठी बांधल्या, ते काम थांबलेले नाही.

ते काम काय आहे हे समजायला चंदीगडहून आणखी उत्तरेला पाहावे लागते. लडाखमध्ये उभ्या असलेल्या फौजेचा दाणागोटा, औषधे, इंधन आणि माणसे वर्षानुवर्षे याच तळावरून वर जात आली आहेत. रजेवरून परतणारा सातारा-कोल्हापूरकडचा जवान लेहला जाताना पुष्कळदा चंदीगडवरूनच जातो. सरळ रेषेत लेह इथून फक्त ३९० किलोमीटर. पुणे ते नागपूरपेक्षाही कमी. जेट विमान तासाभरात पोचवते. मनालीवरून जाणारा रस्ता मात्र सातशे किलोमीटरच्या वर आहे, बारालाचा आणि तांगलांगसारख्या खिंडी चढतो आणि हिवाळ्यात बर्फाखाली जातो. सपाट मुलखात रस्ता हवाई अंतराच्या सव्वा-दीडपट असतो, इथे जवळजवळ दुप्पट. दोन दिवसांचा प्रवास एका तासावर येतो, असा फायदा विमान देशात फार थोड्या ठिकाणी देते.

पण या तासाची किंमत मोठी आहे. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंच आहे. उन्हाळ्यातल्या ऊबदार दिवशी तिथली हवा समुद्रसपाटीच्या हवेच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच दाट असते. पंखांना तोलून धरायला हवा कमी पडते, म्हणून विमानाला जमिनीवर जवळजवळ पाव पटीने जास्त वेग घ्यावा लागतो, आणि त्याच विरळ हवेत इंजिनाचा जोरही कमी झालेला असतो. परिणामी धावपट्टी जास्त लांब लागते किंवा वजन कमी न्यावे लागते. भोवती डोंगर, त्यामुळे उतरायचे एका बाजूने आणि उडायचे त्याच्या उलट दिशेला. दुपारनंतर दरीतला वारा जोर धरतो, म्हणून नागरी विमाने मुख्यतः सकाळीच येतात-जातात. सकाळी हवामान बिघडले तर तो दिवस गेला.

याच मार्गावर ७ फेब्रुवारी १९६८ रोजी हवाई दलाचे ए-एन-१२ जातीचे विमान चंदीगडहून लेहकडे १०२ जणांना घेऊन निघाले. लेह जवळ आले असताना हवामान पाहून वैमानिकाने परत फिरण्याचा निर्णय घेतला. रोहतांगच्या परिसरात ते नाहीसे झाले. ३५ वर्षांनी, २००३ मध्ये, मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या पथकाला ढाका हिमनदीवर त्याचे अवशेष दिसले. त्यानंतर लष्कराच्या मोहिमा पुन्हापुन्हा तिथे गेल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चौघांचे देह हाती लागले. छप्पन्न वर्षांनी. तासाभराचा प्रवास असे आपण ज्याला सहज म्हणतो, त्याच्या खाली हा इतिहास आहे.

चंदीगडचा स्वतःचा अडथळा डोंगराचा नाही, धुक्याचा आहे. डिसेंबर-जानेवारीत एखादा पाऊस पडून जातो, आकाश निरभ्र होते, वारा थांबतो, आणि रात्री पंजाब-हरियाणाची ओलिताची जमीन झपाट्याने थंड होते. जमिनीलगतच्या हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होऊन धुके धरते. आत येणारे विमान रेडिओच्या किरणांवर धावपट्टीकडे सरकत येते, पण शेवटच्या क्षणी वैमानिकाला काहीतरी दिसावे लागते. साध्या यंत्रणेला धावपट्टीवर ५५० मीटर दृश्यता हवी, त्याच्या वरच्या श्रेणीला ३०० मीटर, आणि दिल्लीसारख्या ठिकाणी असलेल्या सर्वांत वरच्या श्रेणीला ५० मीटरही चालते. विमानतळाकडे यंत्रणा असून भागत नाही, विमानात ती हवी आणि वैमानिकाने त्याचे प्रशिक्षण घेतलेले हवे. तिन्हींपैकी एक कमी असेल तर विमान वर घिरट्या घालते, नाहीतर दुसरीकडे उतरते. म्हणून हिवाळ्यात पुण्याहून किंवा मुंबईहून चंदीगडला जायचे तर पहाटे पोचणारे विमान टाळून दुपारचे घ्यावे. माझा हा सल्ला स्वस्त तिकिटाचा मोह पडणाऱ्यांनाही आहे.

उतरल्यानंतरचा प्रवास कुठल्याच तिकिटावर नसतो. ११ सप्टेंबर २०१५ रोजी चंदीगडच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. धावपट्टी चंदीगडच्या हद्दीत, पण नवे टर्मिनल धावपट्टीच्या दक्षिणेला, मोहालीतल्या झिऊरहेरी गावी. भागीदारी त्रिपक्षीय आहे: भारतीय विमानतळ प्राधिकरण ५१ टक्के, पंजाब आणि हरियाणा प्रत्येकी साडेचोवीस. विमानतळाला कुणाचे नाव द्यायचे यावर दोन राज्यांत वर्षानुवर्षे खल झाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये शहीद भगतसिंग हे नाव लागले. प्रवाशाला भिडणारी गोष्ट वेगळीच आहे. जुने टर्मिनल धावपट्टीच्या अलीकडे, शहराच्या बाजूला होते. नवे पलीकडे. मध्ये हवाई दलाचा तळ, त्यातून रस्ता नाही. त्यामुळे चंदीगड आणि पंचकुल्याच्या माणसाला धावपट्टीला वळसा घालून जावे लागते. डोळ्यांना समोर दिसणारे टर्मिनल गाडीतून कितीतरी किलोमीटर लांब पडते.

आता नांदेडकडे परत येतो, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे हरवतो आहे. २००८ मध्ये गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद मिळाल्याची त्रिशताब्दी नांदेडला साजरी झाली, त्या निमित्ताने विमानतळाचा विस्तार झाला आणि त्याला श्री गुरू गोविंदसिंगजींचे नाव आहे. २७ एप्रिल २०१७ ला छोटी शहरे जोडणाऱ्या उडान योजनेची पहिली विमाने सुटली, त्यांत सिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबाद होते. पुढे एअर इंडियाने नांदेडला अमृतसर आणि चंदीगडशी थेट जोडले, पण ती चंदीगडची सेवा टिकली नाही. ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरने नांदेडहून दिल्लीजवळच्या हिंडनला आणि पुढे जालंधरजवळच्या आदमपूरला विमान सुरू केले. योगायोग पाहा, हिंडन आणि आदमपूर दोन्ही पुन्हा हवाई दलाचेच तळ.

मध्ये एक थांबा घेतला की काय होते? अंतर फारसे वाढत नाही, कारण हिंडन वाटेवरच आहे. पण विमान दोनदा चढते आणि दोनदा उतरते, खाली अर्धा तास थांबते, आणि सव्वादोन तासांचा प्रवास साडेतीनकडे सरकतो. विमान बदलावे लागले तर आणखी दोन-तीन तास. मोठ्या दिल्ली विमानतळावरून बदल असेल तर टर्मिनल बदलण्याची धावपळ वेगळी. पंजाबातून नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणाऱ्यांत वयस्कर माणसे खूप असतात. त्यांना वेगवान विमान नको असते, त्यांना न बदलता पोचणारे विमान हवे असते. चंदीगडजवळच्या चंदीमंदिरला लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे, तिथे नेमणुकीवर असलेल्या मराठवाड्यातल्या माणसाच्या घरच्यांनाही तेच हवे असते.

विमानाची जातही महत्त्वाची. उडानच्या मार्गांवर ए-टी-आर जातीची पंख्याची विमाने पुष्कळ दिसतात. आखूड धावपट्टी आणि कमी इंधन हे त्यांचे गुण. पण ती ताशी पाचशेच्या आसपास जातात, म्हणजे नांदेड–चंदीगडला हवेतच पावणेतीन तास, आणि भरलेल्या विमानाला एवढा पल्ला जवळजवळ शेवटच्या टोकाचा. स्टार एअरचे ७६ आसनांचे एम्ब्रायर जेट मात्र मोठ्या विमानांच्याच वेगाने जाते. नांदेडची धावपट्टी २,३०० मीटर लांब आहे, गाव समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आत आहे, हवा लेहसारखी विरळ नाही. असे जेट तिथून भरल्या आसनांनी उडून चंदीगडला न थांबता जाऊ शकते, आणि मार्गात ना डोंगराची भिंत आहे ना परक्या देशाचे आकाश. ७६ आसनांचे ते विमान रोज भरण्याइतके प्रवासी नसतील, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस नक्की मिळतील, असे सचखंड एक्स्प्रेसची प्रतीक्षा यादी पाहणाऱ्या कुणालाही वाटेल. हिशेब अगदी साधा आहे: रेल्वेने अंबाल्यापर्यंत तीस तास, दिल्लीत विमान बदलून सात-आठ तास, आणि थेट विमान असेल तर सव्वादोन.